तहानलेली तुळस आणि काढ्याचे माप

उन्हाळ्यात अंगणातल्या तुळशीची पाने बारीक, जाडसर होतात. चुरगळली तर वास मात्र पावसाळ्यातल्या पानांपेक्षा उग्र येतो. कमी पाण्यावरची वनस्पती जास्त गुणकारी, असे म्हणतात ते यावरूनच. यात तथ्य आहे, पण अर्धेच.

पानांवर डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. पाणी कमी पडले की रोप ती मिटून घेते. त्यामुळे बाष्प वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही आणि अन्न तयार होणे मंदावते. ऊन तर पडतच असते. त्या जादा उन्हापासून पेशी वाचवण्यासाठी रोप काही संरक्षक द्रव्ये वाढवते. आपण ज्यांना औषधी गुण म्हणतो, ती बहुतांशी हीच द्रव्ये. शिवाय पान लहान राहिल्याने त्यावरील तेलाच्या ग्रंथी दाटीने येतात, म्हणून तोळाभर पानांत तेल अधिक भरते.

शेतकऱ्याचा हिशेब मात्र निराळा. समजा, भरपूर पाण्यावर १०० किलो पाने आली आणि तेल अर्धा टक्का निघाले, तर ५०० ग्रॅम तेल मिळाले. ताणावर पाने ६० किलोच आली व तेल ०.७ टक्के निघाले, तर हाती ४२० ग्रॅमच येते. ताण फार वाढला तर पानेही गळतात आणि तेलही घटते. अश्वगंधेची गोष्ट थोडी वेगळी. मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागात ती हलक्या जमिनीत, मुख्यतः पावसाच्या पाण्यावर घेतात. तिला पाणी साचलेले मानवत नाही, मुळे कुजतात. वनस्पतीचा गुण जमिनीवर अवलंबून असतो हे आपल्याकडे जुनेच ज्ञान आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात जांगल, आनूप व साधारण असे भूमीचे तीन प्रकार याच संदर्भात सांगितले आहेत.

आता पानांवरील फवाऱ्यांविषयी. अवर्षणात फळबागांवर केओलिन या पांढऱ्या मातीचा किंवा पोटॅशियम नायट्रेटचा फवारा देतात, हे शेतकरी वाचकांना ठाऊक आहेच. औषधी पिकांवर सॅलिसिलिक आम्लाचेही पुष्कळ प्रयोग झाले आहेत. हे ॲस्पिरिनच्या कुळातले द्रव्य. वनस्पती ते स्वतःही तयार करतात आणि संकटाचा इशारा म्हणून वापरतात. लिटरभर पाण्यात साधारण ७० ते १४० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत ते फवारले तर रोप ताण बरा सोसते. मात्रा वाढली की पाने करपतात. आणि मुळाशी ओलच नसेल तर कोणताही फवारा पाण्याची जागा घेत नाही, विक्रेता काहीही सांगो.

खाणाऱ्याच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, मूठ हे माप बारमाही सारखे नसते. मे महिन्यातली मूठभर पाने आणि श्रावणातली मूठभर पाने यांचा काढा सारखा होत नाही. निरोगी माणसाला याने फारसे बिघडत नाही. पण लहान मुले, गर्भवती स्त्रिया, तसेच मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे यांनी रोजचा काढा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. अश्वगंधा गर्भवतींनी घेऊच नये; थायरॉइडच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. तिचे चूर्ण घेताना ते मुळाचेच आहे ना, हे वेष्टनावर पाहावे. पानांचा वापर टाळावा, अशी सूचना आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना दिली होती.

दुसरी गोष्ट कीटकनाशकांची. ताणातल्या रोपांवर लाल कोळी लवकर चढतो आणि मग पंप बाहेर निघतो. मूळ जमिनीत असते, पान मात्र थेट फवाऱ्याखाली येते आणि तेच आपण उकळून पितो. धुतल्याने वरवरचे औषध काही प्रमाणात निघते. आंतरप्रवाही औषध पानाच्या रसातच उतरते, ते निघत नाही. विक्रीसाठी पाने खुडणाऱ्यांनी त्या पिकासाठी शिफारस नसलेले औषध वापरूच नये आणि लेबलवरचा फवारणी ते काढणीचा अवधी पाळावा. घरच्या तुळशीवर गुलाबासाठी आणलेले औषध मारले गेले असेल, तर त्या रोपाची पाने काढ्यात घालू नयेत. वेगळ्या कुंडीत नवे रोप लावावे. दोन-तीन महिन्यांत ते खुडायला येते.