जुन्या गाडीला नवा कार्ब्युरेटर : स्लो वाढला तर कसूर कुणाचा?

आपल्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील नळदुर्ग, उमरगा, परंडा, कळंब अशा गावांतून व्यापारी मंडळींच्या दारात अजूनही एखादी जुनी फियाट किंवा अँबेसिडर उभी दिसते. वडिलांनी घेतलेली गाडी म्हणून ती विकवत नाही, आणि विकायची नसेल तर ती चालती ठेवावी लागते. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली 1089 सीसीची फियाट 1974 पासून पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 रोजी कायमची गेली. अँबेसिडरचे उत्पादन तर 2014 सालीच थांबले. म्हणजे आता या गाड्यांचा सांभाळ मालक, मिस्त्री आणि सुट्या भागांचा दुकानदार या तिघांच्याच हाती आहे.

या तिघांत हमखास भांडण लावणारी एक तक्रार आहे. जुना कार्ब्युरेटर झिजला म्हणून नवा आणला, बसवला, गाडी सुरू केली, आणि पाय काढला तरी इंजिन ओरडतच राहिले. मालक म्हणतो, माल खोटा दिला. दुकानदार म्हणतो, मिस्त्रीला बसवता आला नाही. मिस्त्री म्हणतो, गाडीच जुनी आहे. आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. ताग्यात ऐब निघाला तर तो सुतात आहे, विणीत आहे की रंगात, हे पाहिल्याशिवाय आम्ही माल परत करीत नाही. तोच कायदा येथेही लावावा.

स्लो म्हणजे काय?

पाय एक्सलेटरवर नसताना इंजिन ज्या गतीने चालते तिला आपले मिस्त्री स्लो म्हणतात. जुन्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत तो साधारण मिनिटाला 700 ते 900 फेरे असतो. कार्ब्युरेटरच्या नळीत एक गोल पातळ झडप असते. पाय काढला की ती जवळजवळ बंद होते आणि थोड्याच हवेवर इंजिन हळू चालते. तेव्हा स्लो वाढण्याचा अर्थ बहुधा एकच : इंजिनाला हवी त्यापेक्षा जास्त हवा कोठून तरी मिळते आहे. ती झडपेतून येते की चोरवाटेने, एवढेच शोधायचे आहे.

तपासणीचा क्रम

पहिली गोष्ट, इंजिन बंद करून एक्सलेटरची दांडी किंवा तार कार्ब्युरेटरपासून सोडवावी. नव्या कार्ब्युरेटरची कमान जुन्यापेक्षा थोडी वेगळी असली तर दांडी आखूड पडते आणि झडप अर्धवट उघडी राहते. दांडी सोडवून गाडी सुरू केल्यावर स्लो खाली आला तर दोष कार्ब्युरेटरचा नाही, जोडणीचा आहे. दांडीची लांबी जुळवावी, ओढून घेणारी स्प्रिंग जागेवर आहे का पाहावे.

दुसरी गोष्ट चोक. सोलेक्सच्या अनेक कार्ब्युरेटरांत तोंडावर चोकची पट्टी नसते. बाजूला एक फिरती चकती असते. तिच्यातून थंड इंजिनाला जादा मिश्रण मिळते आणि ते झडपेच्या खालून आत जाते. डॅशबोर्डवरची मूठ आत गेली तरी तार अडकली असेल तर ही चकती पुरती बंद होत नाही. तार सोडून चकती हाताने मिटवावी. फरक पडला तर तारच नीट बसवायची आहे.

तिसरी आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे हवा घेणे. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधले पॅकिंग फाटके असेल, जुने तेच पुन्हा वापरले असेल, किंवा नट एकाच बाजूने आवळल्याने बूड वाकडे झाले असेल तर तेथून हवा शिरते. इंजिन चालू ठेवून सांध्यावर साबणाचे पाणी थोडे थोडे टाकावे. आवाज बदलला तर चोर सापडला. हे काम पेट्रोल शिंपडून करण्याची काही ठिकाणी चाल आहे; ती आगीशी खेळण्यासारखी आहे, करू नये. दुसरी परीक्षा अशी की, चालत्या इंजिनावर कार्ब्युरेटरचे तोंड जाड पुठ्ठ्याने झाकावे. इंजिन बंद पडले तर ठीक; चालतच राहिले तर हवा दुसरीकडून येते आहे. रबराच्या नळ्याही पाहाव्यात. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या गाडीचे रबर त्यासाठी बनलेले नाही. ते फुगते, तडकते.

चौथी गोष्ट टायमिंग. डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी नव्या कार्ब्युरेटरवर चुकीच्या तोंडाला लावली, तर ठिणगी स्लोवरही लवकर पडते आणि रेस चढते. नळी काढून तिचे तोंड बंद करून पाहावे.

स्क्रू सर्वांत शेवटी

बहुतेक ठिकाणी सुरुवातच पेचकसापासून होते, आणि तेथेच घोळ होतो. वरील चारही गोष्टी तपासून, इंजिन पुरते गरम झाल्यावरच स्क्रूला हात लावावा. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने बसेपर्यंत आत घ्यावा, मग दीड ते दोन फेरे बाहेर. नंतर इंजिन सर्वांत गुळगुळीत चालेल तेथे तो ठेवून झडपेच्या स्क्रूने स्लो खाली आणावा, आणि दोन्ही पुन्हा एकदा पाहावेत. मिश्रणाचा स्क्रू फिरवूनही इंजिनाला काहीच फरक पडत नसेल, तर झडप उघडी आहे किंवा हवा शिरते आहे असे समजून मागे जावे.

एवढे सर्व करूनही स्लो उतरला नाही, तर कार्ब्युरेटर काढून उजेडासमोर धरावा. झडप मिटल्यावर एका बाजूने चंद्रकोरीसारखा उजेड दिसला, किंवा झडपेची दांडी हलत असेल, तर मालातच ऐब आहे. मग तो दुकानदाराकडे न्यावा आणि त्याने तो बदलून द्यावा. हा गिऱ्हाइकाचा हक आहे, मेहेरबानी नाही.

हे किरकोळ का नाही?

वाढलेल्या स्लोने पेट्रोल तर जातेच. पण तुळजापूरचा घाट उतरताना पाय काढूनही इंजिन गाडीला पुढे रेटत असेल, तर सगळा भार ब्रेकवर येतो, आणि जुन्या ड्रम ब्रेकची ताकद तापल्यावर कमी होते. चालत्या गाडीत रेस अडकलीच तर क्लच दाबावा, ब्रेक लावावा आणि चावी एकच घर मागे घ्यावी. ती पूर्ण फिरवून काढली तर ज्या गाडीला स्टिअरिंगचे कुलूप आहे तिचे चाक अडकते. धूर तपासणीतही अडचण येते. भारत स्टेज दोनच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांच्या आत लागते, आणि बिघडलेल्या मिश्रणावर तो आकडा मिळत नाही.

आमच्या मिस्त्री बांधवांना एवढेच सांगणे आहे की, गिऱ्हाइकाची गाडी ही तुमच्याकडे अमानत असते. स्क्रू आवळून आवाज तात्पुरता दाबणे म्हणजे फाटक्या कापडाची घडी आत करून विकणे. आणि मालक बंधूंनी लक्षात ठेवावे, तपासणीचा एक तास हीसुद्धा मेहनत आहे. तिची मजुरी खुशीने द्यावी आणि तपासणी होईपर्यंत कुणाला बेइमान म्हणू नये. बाजारात पत जायला एक शब्द पुरतो, ती कमवायला मात्र बापाची हयात जाते.