स्मरणरंजन आणि वाङ्मयेतिहास : अमेरिकन चित्रकथांच्या संदर्भात

स्मरणरंजन ही निष्क्रिय वृत्ती होय, असा एक समज आहे. अमेरिकेतील महानायकांच्या चित्रकथांचा इतिहास त्याला छेद देतो. ‘जस्टिस सोसायटी’ हा १९४० साली अवतरलेला नायकसंघ १९५१ मध्ये अंकांतून लुप्त झाला. बालपणी वाचलेल्या या कथांविषयीच्या पत्रव्यवहारातून जेरी बेल्स व रॉय थॉमस एकत्र आले आणि १९६१ मध्ये ‘ऑल्टर-इगो’ हे हौशी नियतकालिक निघाले. जुन्या अंकांत लेखक-चित्रकारांची नावे अनेकदा नसत. ती शोधणे हा वाचकांच्या चर्चेचा विषय झाला. बेल्स व हेम्स वेअर यांनी संपादिलेला चित्रकथाकारांचा चतुःखंडात्मक परिचयकोश (१९७३-७६) हे या जिज्ञासेचेच फलित. समीक्षेने उपेक्षिलेल्या निर्मात्यांना त्यांचे श्रेय वाचकांच्या आठवणींनी मिळवून दिले. लोकप्रिय वाङ्मयाच्या अभ्यासात अशा आठवणींना साधनमूल्य आहे, ते यामुळेच.