विद्यापीठीय नाट्यविभागाचे प्रयोगसत्र आणि संहितेची निवड

मराठी विभागात नाटक शिकविले जाते ते ग्रंथ म्हणून आणि नाट्यविभागात ते प्रयोग म्हणून, ही विभागणी आता रूढ झालेली आहे. मराठवाडा विद्यापीठात १९७३ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राच्या रूपाने १९८७ मध्ये आणि मुंबई विद्यापीठात २००३ मध्ये नाट्यशिक्षणाची सोय झाली. मात्र असा विभाग वर्षाच्या आरंभी आगामी सत्रातील नाटके कोणत्या निकषांवर ठरवितो, याची चर्चा साहित्याच्या अभ्यासकांनी फारशी केलेली नाही. वस्तुतः ही निवड त्यांच्याही आस्थेचा विषय व्हावयास हवी. कोणती संहिता रंगमंचावर जिवंत राहते आणि कोणती केवळ वाङ्मयेतिहासात उल्लेखापुरती उरते, हे काही अंशी येथेच ठरत असते.

निवडीचा पहिला निकष वाङ्मयीन नसून संख्येचा असतो. वर्गात वीस विद्यार्थी असतील, तर त्या सर्वांना काम मिळाले पाहिजे आणि प्रत्येकाचे स्वतंत्र मूल्यमापनही झाले पाहिजे. व्यावसायिक रंगभूमीला चार-सहा पात्रांची नाटके आर्थिकदृष्ट्या सोयीची. विभागाला नेमकी तीच अडचणीची. म्हणूनच ‘घाशीराम कोतवाल’सारखी समूहप्रधान संहिता विभागाला हवीशी वाटते. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली तिचा पहिला प्रयोग केला. ब्राह्मणांची ती गात-डोलत उभी राहणारी रांग हीच भिंत होते, तीच पडदा होते आणि तीच गर्दी. रांगेतील नटाला स्वतंत्र नाव नसले, तरी ताल, हालचाल आणि सामूहिक श्वास यांची कसोटी त्याला क्षणोक्षणी द्यावी लागते. नवशिक्या नटाला यापेक्षा चांगली शाळा क्वचितच मिळेल.

दुसरा प्रश्न स्त्री-भूमिकांचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणली व त्यात स्त्री-भूमिका स्त्रियांनीच केल्या. तत्पूर्वीचे बहुतेक नाट्यलेखन पुरुष नट गृहीत धरून झालेले आहे. उत्तरकालीन नाटकांतही प्रमाण समाधानकारक आहे असे नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील आठ प्रमुख पात्रांत स्त्रिया दोनच. याउलट एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) दादी, आई, वहिनी, अंजली, प्रभा आणि रंजू अशी स्त्रियांचीच बहुसंख्या आहे. परंतु तेथे वयाचा पेच उभा राहतो. पुन्हापुन्हा वेळ विचारणारी दादी बाविशीतील विद्यार्थिनीने उभी करावयाची, तर पांढरा टोप आणि कापरा आवाज यांच्या पलीकडे तिला जावे लागते. काळाचे भान सुटलेल्या मनाची लय तिला सापडली पाहिजे. अशी भूमिका फसली तरी ती शिकवून जाते. तिकीटविक्रीवर चालणाऱ्या नाट्यसंस्थेला ही मुभा नसते.

कधी विद्यार्थिनींना पुरुषपात्रे देऊन अडचण सोडविली जाते. हा उपाय दिसतो तितका निरुपद्रवी नाही. ‘घाशीराम’मधील रांग बावन्नखणीकडे वळणाऱ्या पुरुषांची आहे आणि त्यांच्या बायका घरी आहेत. त्या रांगेत तरुणी उभ्या राहिल्या की संहितेचा उपरोध बदलतो. तो तीव्र होईल किंवा हरवेल. दिग्दर्शक शिक्षकाने हा परिणाम जाणीवपूर्वक स्वीकारलेला असावा, एवढी अपेक्षा रास्त ठरेल.

संगीताचा विचार वेगळा. दोनशेवर पदे असलेले ‘शाकुंतल’ समग्र करणे आज कोणालाच झेपणारे नाही. पण जेथे संगीत, नृत्य आणि नाट्य एकाच छताखाली शिकविले जाते, तेथे त्यातील एखादा अंक तरी सत्रात यावा. ‘महानिर्वाण’ (१९७४) करतानाही हीच सामग्री उपयोगी पडते. मृत भाऊरावाचे कीर्तन हा त्या नाटकाचा कणा आहे. कीर्तनाच्या घाटाशी ज्या नटाची ओळखच नाही, त्याला त्या घाटाचे विडंबन कसे साधणार?

राहिला प्रश्न उपेक्षित संहितांचा. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेले ‘तृतीय रत्न’ दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले; ते छापून प्रसिद्ध होण्यास १९७९ साल उजाडले. वाङ्मयेतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत हे नाटक आता स्थिर झाले आहे. तथापि वाचताना त्यातील विदूषकाचे मध्येच येणारे भाष्य प्रचारकी वाटते आणि वाचक ते ओलांडून पुढे जातो. प्रयोगात मात्र तोच विदूषक जोशी, कुणबी व त्याची बायको आणि पाद्री यांच्यामध्ये उभा राहून प्रेक्षकाला साक्षीदार करू शकतो. कुणब्याच्या घरातले किडूकमिडूक एकेक करून जोशाच्या पदरात कसे जाते, हे डोळ्यांसमोर घडताना पाहणे आणि वर्गात वाचणे यांत पुष्कळ अंतर आहे. पात्रे थोडी व संवाद लांब, त्यामुळे संख्येच्या निकषावर हे नाटक मागे पडते. तरीही तीन नाटकांचे सत्र आखताना तिसरे नाटक पुन्हा एखादे सुपरिचितच घेण्यापेक्षा अशा संहितेला जागा देणे अधिक उचित होय. एकाच भूमिकेत दोन नट आळीपाळीने योजले, तर संख्येची अडचणही पुष्कळशी सुटते.

येथे मराठी विभागाचे साहाय्य उपयुक्त ठरेल. जुन्या बोलीतील शब्दांचे अर्थ लावणे, संपादित पाठांची तुलना करणे, कोणता भाग गाळला तर युक्तिवाद तुटतो हे दाखविणे, ही कामे तालमीपूर्वीच व्हावयाची असतात. तालमीत तयार झालेली रंगावृत्ती, तीतील काटछाट व दिग्दर्शकीय टिपणांसह, प्रयोगानंतर ग्रंथालयात जमा व्हावी. आज ती बहुधा एखाद्या विद्यार्थ्याच्या पिशवीतून त्याच्या गावी जाते.