मीटबॉलचं गुपित लिंगॉनमध्ये

स्वीडनमध्ये ‘शोटबुलार’, म्हणजे मीटबॉल, कसे करायचे असं कुणाला विचारलं तर हमखास उत्तर येतं, ‘आई करते तसे.’ पंचाईत अशी, की प्रत्येकाची आई वेगळी. कुणाची आई कांदा लोण्यात परतून घालते, कुणाची कच्चाच किसून. कुणी पावाचा चुरा दुधात भिजवतं, कुणी उकडलेला बटाटा कुस्करतं. एका बाबतीत मात्र सगळ्या आयांचं एकमत आहे: ताटात लिंगॉन नसेल तर ते जेवण अर्धवट.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता उप्सालात स्थायिक झालोय आणि घरातला स्वयंपाक माझ्याकडे आहे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला हे मिळमिळीत खाणं कसं रुचतं, असं गावाकडचे पाहुणे विचारतात. नुसता गोळा आणि सायीचा सॉस खाल्ला तर मिळमिळीतच लागेल. लोणी, साय, खिमा, बटाट्याचा लगदा, सगळंच मऊ आणि जड. त्या जडपणाला छेद देतं ते लिंगॉन. आपल्याकडे नारळाच्या दुधाला कोकम लागतं, तीच इथे लिंगॉनची जागा.

लिंगॉन हे पाइनच्या जंगलात घोट्याएवढ्या उंचीच्या सदाहरित झुडपावर येणारं वाटाण्याएवढं लालभडक फळ. ऑगस्टअखेर ते पिकू लागतं आणि सप्टेंबरात जंगलाची जमीन लाल ठिपक्यांनी भरून जाते. ते कुणीही तोडावं. जंगल कुणाच्या मालकीचं आहे, हे विचारायची गरज नाही. ‘अलमान्सरेत’ नावाचा सार्वजनिक हक्क इथे पूर्वापार आहे आणि 1994 पासून त्याचा उल्लेख देशाच्या राज्यघटनेतही आहे. झाडं मोडू नयेत, कुणाच्या घराच्या अंगणात शिरू नये, एवढं पथ्य पाळायचं.

तोडण्यासाठी दात असलेला एक डबा मिळतो. झुडपातून तो फणीसारखा फिरवला की फळं आत पडतात, पण त्यांच्याबरोबर पानं आणि काड्याही येतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी त्यावर एक साधा उपाय करतात. बाल्कनीत एक फळी तिरपी लावायची, तिच्यावर ओला टॉवेल अंथरायचा आणि वरून मूठ-मूठ फळं सोडायची. गोल फळं घरंगळत खालच्या पातेल्यात जातात, पानं टॉवेलला चिकटून राहतात. निवडण्याचं काम निम्म्याहून कमी होतं.

या फळात बेंझॉइक आम्ल निसर्गतःच भरपूर असतं आणि तेच बुरशीला रोखतं. त्यामुळे साखर महाग होती त्या काळात लोक लिंगॉन नुसत्या पाण्यात बुडवून हिवाळाभर ठेवत. आजही सगळ्यात आवडता प्रकार चुलीवर न चढणारा आहे: अर्धा किलो कच्च्या फळांत साधारण 200 ग्रॅम साखर घालायची आणि ती विरघळेपर्यंत अधूनमधून ढवळत राहायचं. शिजवलं नाही म्हणून त्याचा तुरटपणा आणि तरतरीतपणा शाबूत राहतो.

आता गोळ्यांकडे. स्वीडनचा राजा बारावा कार्ल 1709 मध्ये पोल्ताव्हाची लढाई हरला आणि ओटोमन तुर्कांच्या आश्रयाला गेला. 1714 मध्ये तो परतला तेव्हा ही पाककृतीही बरोबर आली, असं सांगतात. 2018 मध्ये स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्यानेच तसं लिहिलं आणि तुर्कस्तानात आनंदीआनंद झाला. इतिहासकारांना मात्र हे सरसकट मान्य नाही. कोबीच्या पानात खिमा गुंडाळून करतात त्या ‘कोलडोल्मार’चं तुर्की नातं त्यांना जास्त पटतं. मीटबॉल छापील रूपात भेटतात ते कायसा वार्ग या बाईंच्या 1755 च्या पाकपुस्तकात. तेव्हा मांस सुरीने बारीक करावं लागे, म्हणजे हे काम नोकरचाकर असलेल्या घरांचं. एकोणिसाव्या शतकात खिम्याचं यंत्र आणि लोखंडी चूल घरोघरी पोचू लागली, तसा हा पदार्थ सगळ्यांचा झाला.

इथे बहुतेक घरांत गोमांस आणि डुकराचं मांस निम्मंनिम्मं घेतात. उत्तरेकडे एल्क या मोठ्या हरणाचा खिमाही वापरतात. मी कोकराचा खिमा घेतो. मांस कुठलंही चालेल, पण त्यात चरबी हवी. अर्धा किलो खिम्याला 100 मिली मापाचा वाडगाभर पावाचा सुका चुरा आणि 150 मिली दूध लागतं. चुरा दुधात दहा मिनिटं फुगू द्यायचा. ही पायरी गाळायची नाही. पावातला स्टार्च ओल धरून ठेवतो आणि मांसातल्या प्रथिनांना एकमेकांना घट्ट आवळू देत नाही. गोळा मऊ राहतो तो त्यामुळे. मग लोण्यात गुलाबी परतलेला एक कांदा, एक अंडं, चमचाभर मीठ, पांढरी मिरी आणि पाव चमचा ऑलस्पाइस. लवंग, दालचिनी, जायफळ एकत्र आल्यासारखा त्याचा वास असतो. तो मिळाला नाही तर या तिघांची चिमूटभर पूड घाला, पण हात आवरा. आलं-लसूण घातलंत की चांगला कोफ्ता होईल, शोटबुलार होणार नाही.

मिश्रण एकजीव होईपर्यंतच मळायचं, जास्त मळलं की गोळे चिवट होतात. ओल्या हाताने सुपारीहून जरा मोठे गोळे वळायचे. तव्यात लोणी तापलं की आधी फेस येतो आणि तडतड ऐकू येते, ती लोण्यातल्या पाण्याची. फेस बसला, तडतड थांबली आणि भाजक्या शेंगदाण्यांसारखा वास सुटला की गोळे सोडायचे. चमच्याने उलटवायचे नाहीत, तवाच गोल हलवायचा, म्हणजे ते चहूबाजूंनी सारखे तांबूस होतात. एका वेळी थोडेच घ्या. गर्दी केली की पाणी सुटतं आणि गोळे भाजण्याऐवजी उकडतात.

गोळे काढले की तवा धुवायचा नाही. तळाला धरलेलं तपकिरी हाच सॉसचा जीव. त्यात चमचाभर लोणी आणि दोन चमचे मैदा परतून 300 मिली मटणाचा किंवा चिकनचा स्टॉक थोडा थोडा घालत घोटा, मग 150 मिली क्रीम आणि रंगापुरते सोयासॉसचे थेंब. सोयासॉस इथे कसा, असं वाटेल, पण स्वीडिश आज्यासुद्धा तो बिनदिक्कत वापरतात.

फळ सॉसमध्ये घालायचं की शेजारी वाढायचं, यावर इथे दोन पंथ आहेत. खालच्या आजींच्या मते लिंगॉन ताटात एका बाजूला, वेगळंच हवं; प्रत्येक घासाला किती आंबट घ्यायचं ते खाणाऱ्याने ठरवावं. दुसरा पंथ शिकारीच्या मांसाच्या सॉसवरून आलेला आहे. तो सॉसमध्येच चमचा-दोन चमचे ब्लॅककरंटची जेली किंवा लिंगॉन विरघळवतो. सॉसला जांभळट झाक येते आणि आंबटगोड चव सगळीकडे पोचते. हे करताना गॅस बंद करून, शेवटी, थोडं थोडं घालावं. पातळ क्रीम आंबटाने फुटतं. इथल्या क्रीममध्ये 36 ते 40 टक्के स्निग्धांश असतो म्हणून ते टिकतं. भारतात सहज मिळणाऱ्या डब्यातल्या क्रीममध्ये तो 25 टक्क्यांच्या आसपास असतो, तेव्हा तिथे सॉस उकळता ठेवून फळ घालू नये.

मुंबईकरांना ही चव नवी मुंबईत तुर्भ्याला, 2020 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या आयकियात चाखता येते. भारतात तिथे चिकनचे आणि भाज्यांचे गोळे मिळतात, आणि लिंगॉनचा जॅमही विकत मिळतो. घरी करायचं असेल तर सुकी क्रॅनबेरी गरम पाण्यात भिजवून थोड्या साखरेबरोबर ठेचा. मे महिन्यात कोकणात असाल तर पिकत आलेली करवंदं घ्या. त्यांचा आंबट-तुरटपणा या कामाला चोख आहे. फक्त चीक जाईपर्यंत धुऊन, बिया काढून साखरेत घोटा.

माझा कौल आजींच्या बाजूने आहे. सॉस फळाविना ठेवावा, गोळे वर, बाजूला उकडलेल्या बटाट्याचा लोणी-दूध घातलेला लगदा, व्हिनेगर-साखरेत दाबलेली काकडी आणि कडेला दोन चमचे लाल फळ. पण पहिल्यांदा करणार असाल तर दोन्ही करून पाहा: अर्ध्या सॉसमध्ये फळ घाला, अर्धा तसाच ठेवा. घरातली माणसं दुसऱ्यांदा कुठल्या वाडग्याकडे हात नेतात ते बघा, आणि पुढच्या वेळी तसंच करा.