दप्तरांतील शस्त्र

विद्यार्थ्याच्या दप्तरांत पुस्तकांबरोबर पिस्तूल निघावें, ही गोष्ट पुष्कळांस कल्पनेपलीकडची वाटते. परंतु अमेरिकेंतील शाळांना या संकटाचा विचार कैक वर्षें करावा लागत आहे. शाळेंत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्यास निदान एक वर्षपर्यंत काढून टाकण्याचें धोरण तेथील मध्यवर्ती सरकारनें १९९४ सालीं कायद्यानें घालून दिलें. केवळ शिक्षेच्या धाकानें मात्र अनर्थ टळला नाहीं. २० एप्रिल १९९९ रोजीं कोलोरॅडो राज्यांतील कोलंबाईन हायस्कूलमध्यें दोन विद्यार्थ्यांनीं केलेल्या गोळीबारांत बारा विद्यार्थी व एक शिक्षक प्राणास मुकले.

त्यानंतर राष्ट्राध्यक्षांचें संरक्षण करणारें ‘सीक्रेट सर्व्हिस’ हें खातें व शिक्षणखातें यांनीं मिळून १९७४ पासून २००० पर्यंतच्या अशा ३७ घटनांचा अभ्यास केला. २००२ सालच्या त्यांच्या अहवालांतील तीन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. हल्ला करणाऱ्या मुलांचा ठराविक असा कोणताही नमुना नाहीं, ही पहिली. दर तिघांपैकीं सुमारें दोघांनीं बंदूक स्वतःच्या किंवा नातलगाच्या घरूनच मिळविली होती, ही दुसरी. तिसरी सर्वांत महत्त्वाची: पांचांपैकीं सुमारें चार घटनांत कोणाला तरी, बहुधा एखाद्या सोबत्याला, त्या बेताची आधींच चाहूल लागलेली होती.

मग तो सोबती बोलत कां नाहीं? मुलांच्या जगांत चहाडखोर ठरणें ही मोठी नामुष्की असते. शिवाय वडील माणसें आपल्यालाच दटावतील, ही भीति असतेच. दुसऱ्यास शिक्षा व्हावी म्हणून केलेली चहाडी आणि कोणाचा तरी जीव वांचावा म्हणून दिलेली खबर यांतील भेद मुलांस आधींच समजावून द्यावा लागतो. कोलोरॅडोंत पुढें ‘सेफ टू टेल’ नांवाची व्यवस्था निघाली; तींत नांव न सांगतां खबर देतां येते.

खबर मिळतांच शिक्षकानें स्वतः झडप घालूं नये, किंवा वर्गासमक्ष जाब विचारूं नये. मुख्याध्यापकांस व पोलिसांस तत्काळ कळवावें आणि इतर मुलांस शांतपणें दूर न्यावें. शस्त्र हातीं लागल्यावरहि काम संपत नाहीं. कोणी छळाला भिऊन शस्त्र आणतो, कोणी ऐट मिरविण्यासाठीं, तर कोणी खरोखरच सूड मनांत धरून. कारण न शोधतां हांकलून दिलेला मुलगा तोच राग उराशीं धरून एकटा राहतो.

घरांत बंदूक असेल तर ती कुलुपांत असावी, हें तर झालेंच. परंतु मनांत शिजणारा बेत दारावरच्या पहारेकऱ्याला दिसत नाहीं; तो शेजारच्या बाकावरील मुलाला कळतो. तें मूल उद्यां बोलेल कीं नाहीं, हें त्याची कालची लहानशी तक्रार घरांत व शाळेंत कशी ऐकून घेतली गेली, यावर अवलंबून असतें.