वाहनाचे पाटे : दोष वेळीच कसा ओळखावा?

प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका असो, पंचायत समितीची जीप असो की शाळेची बस, वाहन जुने झाले की ते ‘थोडे आदळते’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. खराब रस्त्यावर गाडी आदळायचीच, असे म्हणून ती सोडूनही दिली जाते. वास्तविक पाटे, स्प्रिंगा व शॉकअप ही योजना केवळ प्रवाशांच्या सुखासाठी नसते. चाक रस्त्याला टेकलेले ठेवणे हे तिचे मुख्य कार्य होय. क्षणभर हवेत उचलल्या गेलेल्या चाकावर त्या क्षणी ना ब्रेकचा अंमल चालतो, ना स्टिअरिंगचा.

पाटे वा स्प्रिंगा भार पेलतात आणि धक्का झेलतात; परंतु दबलेली स्प्रिंग सुटल्यावर वरखाली होतच राहते. तिला आवर घालतो तो शॉकअप. त्याच्या नळकांड्यातील तेल बारीक छिद्रांतून ये-जा करते आणि धक्क्याची शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणूनच खडबडीत रस्त्यावरून नुकत्याच आलेल्या गाडीच्या डाव्या-उजव्या शॉकअपना अनुभवी मेकॅनिक जपून हात लावून पाहतो. एक गरम आणि दुसरा गार असेल, तर गार राहिलेला काम करीत नाही, असे समजावे.

हा दोष हळूहळू वाढतो, हीच खरी अडचण आहे. रोज तीच गाडी चालविणाऱ्या चालकाचा हात नकळत तिच्याशी जुळवून घेतो. अधिकारी पुढील आसनावर बसतात. मागच्या पाट्यांचे दुखणे मागे बसणाऱ्यांनाच कळते. रुग्णवाहिकेत तर हाड मोडलेला रुग्ण किंवा प्रसूतीसाठी नेली जाणारी स्त्री तेथेच निजलेली असते. त्यामुळे तपासणी मुद्दाम करावी लागते.

टायरमधील हवा योग्य असल्याची खात्री करून गाडी सपाट जागी उभी करावी व थोडे दूर जाऊन पाहावे. एक कोपरा खचलेला दिसल्यास त्या बाजूचा पाटा वा स्प्रिंग संशयास्पद समजावी. हलक्या गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडल्यास ती वर येऊन स्थिरावली पाहिजे. झुलत राहिली तर शॉकअप निकामी झाला आहे. ताठ पाट्यांच्या जड वाहनांना ही चाचणी लागू पडत नाही. तेथे शॉकअपवर तेलाचे ओघळ आहेत काय, हे पाहावे. टायरवर ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखी झीज, ब्रेक लावताच पुढचा भाग खाली झुकणे, खड्ड्यात खडखडाट होणे, हीही लक्षणेच होत. खडखडाट मात्र पुष्कळदा केवळ झिजलेल्या बुशांचा असतो आणि ते काम अल्प खर्चात होते.

कमानपाट्यांकडे विशेष लक्ष हवे. कारण ते भार पेलतात, तसेच आसाला जागेवर धरूनही ठेवतात. तारेच्या ब्रशाने चिखल काढल्यावर तडा बहुधा गंजाच्या बारीक रेषेसारखा दिसतो. यू-बोल्ट सैल राहिले तर आतील सेंटर बोल्ट तुटतो, आस सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. चाके सरळ ठेवून पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर दोन्ही बाजूंनी फितीने मोजावे. त्यांत स्पष्ट फरक आढळल्यास ती गाडी रस्त्यावर आणू नये. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते, हे तपासणाऱ्याने विसरू नये.

दुरुस्ती करताना एका आसावरील दोन्ही शॉकअप एकदमच बदलावेत. जादा भारासाठी एखादा पाटा वाढवून घेण्याची पद्धत आहे. तीमुळे रिकामी गाडी अधिकच उडते आणि नोंदणीपत्रातील भारमर्यादा काही वाढत नाही.

मोटार वाहन अधिनियम १९८८ अन्वये परिवहन वाहनांना योग्यता प्रमाणपत्र आवश्यक आहे. परंतु ते तपासणीच्या दिवसाची स्थिती सांगते. पुढच्याच आठवड्यात पावसाळी खड्ड्यात पाटा तुटू शकतो. म्हणून चालकाची तोंडी तक्रार पुरेशी नाही. ‘गाडी आदळते’ ही नोंद वर्षभर पडून राहते. ‘मागील डावा मुख्य पाटा सेंटर बोल्टजवळ तडकला आहे’ अशी तारखेसह केलेली नोंद बाजूला ठेवणे मंजुरी देणाऱ्यास कठीण जाते.