चेंडूला विटाळ नव्हता

अमेरिकेत दर वर्षी 15 एप्रिल रोजी बेसबॉल नामक खेळाच्या सर्व मोठ्या संघांतील खेळाडू एकच अंक पाठीवर लावून मैदानात उतरतात. तो अंक 42. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूचा तो अंक होय. 15 एप्रिल 1947 रोजी तो ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून खेळावयास उभा राहिला आणि गोऱ्यांच्या व्यावसायिक संघांनी काळ्या खेळाडूंसाठी पिढ्यान्‌पिढ्या बंद ठेवलेले दार उघडले. पुढे 1997 साली तो अंक सर्व संघांत कायमचा राखून ठेवण्यात आला.

आम्हां खानदेशकरांना 1947 चा तो वसंत आणखी एका कारणाने स्मरणात ठेवण्याजोगा आहे. अमळनेरच्या शाळेत ज्यांनी अध्यापन केले त्या साने गुरुजींनी त्याच वर्षी 1 मेपासून पंढरपुरी उपोषण आरंभिले. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्यांना खुले व्हावे, एवढीच त्यांची मागणी होती. एकीकडे मैदान, एकीकडे मंदिर. पण अडसर एकाच जातीचा. रॉबिन्सनचे चरित्र आमच्या घरांतील मुलांना चित्रपटांतून ठाऊक झाले आहे. परंतु त्याच्या अर्धशतक आधी हाच प्रसंग आपल्या पुण्यात घडला, तोही क्रिकेटच्या मैदानावर, हे फारच थोड्या घरांत बोलले जाते. म्हणून हा लेख.

बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म 1876 साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालवणचे, जातीने चांभार. वडील पलटणीच्या नोकरीत असल्यामुळे मुले पुण्याच्या लष्करी वस्तीत वाढली, आणि गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि धाकटा शिवराम खेळ शिकले. बाळूंची पहिली चाकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडण्याची व रूळ फिरविण्याची, दरमहा 3 रुपये वेतनावर. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे 4 रुपये. जाळी उभारणे, रेषा आखणे ही कामे उरकली की साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावयाचे. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज आपल्याला बाद केल्याबद्दल त्यांना दर खेपेस आठ आणे देई, असे सांगतात. त्या आठ-आठ आण्यांतून डाव्या हाताचा केवढा मोठा फिरकी गोलंदाज तयार झाला! मात्र त्या क्लबात त्यांच्या हाती बॅट कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम आणि फटके मारणे हे साहेबांचे, अशी तेथील वर्णव्यवस्था होती. ती आमची नव्हती, त्यांचीच. पण आम्हांला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबास साहेबांशी सामने खेळावयाचे होते आणि जिंकावयाचेही होते. बाळूंना घ्यावे की न घ्यावे यावर बरीच भवति न भवति झाली. अखेर घेतले. आता यातील गंमत वाचकांनी नीट पाहावी. क्रिकेटचा चेंडू कातड्याचा. तो चांभाराच्या हातून सुटे, ब्राह्मण क्षेत्ररक्षक तो झेली, आणि पुन्हा बाळूंच्या हाती देई. धर्मशास्त्राची पाने आम्ही आयुष्यभर चाळली आहेत. स्पर्शास्पर्शाचा असा सोयीस्कर निर्णय त्यांत कोठेही आढळला नाही! चेंडूला विटाळ नव्हता. विटाळ होता तो चहाला. मधल्या सुट्टीत इतर खेळाडू आत चिनी मातीच्या कपातून चहा घेत. बाळूंना तो बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून मिळे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. तोंड धुवावयाचे झाले तर पाणी घालावयास त्यांच्याच जातीचा, निदान अस्पृश्य गणला गेलेला, एखादा गडी लागे.

आमच्या पिढीतील कोणाही वृद्धास या मातीच्या भांड्याचे नवल वाटणार नाही. वाड्यांच्या ओसरीवरील कोनाड्यात पालथा घातलेला, कान तुटलेला एक वेगळा कप जामनेरासारख्या गावीही असे; तो कोणासाठी हे मुलांना सांगावे लागत नसे. पुण्याच्या क्लबाने केले ते घराघरांतून चालत आलेलेच होते.

साताऱ्याच्या सामन्याची हकीकत तर प्रसिद्धच आहे. तेथील गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंची फिरकी चालू नये म्हणून खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरविला, आणि तरीही बाळूंनी 7 गडी बाद केले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात जाहीर सभेत त्यांच्या गळ्यात हार घातला. हार गळ्यापर्यंत पोहोचला, हे त्या काळी लहान काम नव्हते.

प्लेगाने पुणे ओस पडू लागल्यावर बाळू मुंबईस गेले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना घेतले. (आमच्याकडे 'पीजे' म्हटले की पाचोरा-जामनेरची चिमुकली आगगाडी डोळ्यांपुढे येई, मुंबईकरांना त्याच आद्याक्षरांनी हा जिमखाना आठवतो.) बी. बी. सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरीही मिळाली. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंचा युरोपियनांशी मोठा सामना झाला. हिंदूंच्या धावा 242 व 160. युरोपियनांच्या 191 व 102. हिंदू 109 धावांनी विजयी झाले आणि बाळूंनी दोन डावांत मिळून 8 गडी टिपले. शिवरामही त्या संघात होते. विशेष हे की, मुंबईच्या जिमखान्यावर संघाचे खेळाडू या बंधूंसह एकत्र भोजनास बसले. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' पत्राने त्या विजयापेक्षा या पंगतीचाच अधिक गौरव केला, आणि आमच्या मते तो योग्य होता. पुण्याच्या मातीच्या भांड्यापासून मुंबईच्या पंगतीपर्यंत दहा-बारा वर्षे लागली; आणि तीही खेळात जिंकून दाखविल्यावर. जो जिंकू शकत नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. महाराजांना राज्यारोहणाच्या समारंभांतून क्रिकेटसाठी फारशी फुरसत झाली नाही. संघ बहुतेक सामने हरला. पण पस्तिशीतील बाळूंनी, खांदा दुखत असताही, 114 बळी घेतले. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांना त्या काळी बाळूंचा मोठा अभिमान वाटे.

महाभारतातील रंगभूमीचा प्रसंग वाचकांस स्मरत असेल. कर्णाने अर्जुनाइतकीच विद्या सर्वांसमक्ष दाखविली. तेव्हा कृपाचार्यांनी त्याचे बाण मोजले नाहीत, कुळ विचारले. बाळूंचे बळी मोजले गेले, मानपत्रे वाचली गेली. कुळ विचारले गेले ते कप्तान निवडण्याच्या वेळी. वर्षानुवर्षे हिंदू संघाचा तो सर्वांत अनुभवी गोलंदाज, आणि वर्षानुवर्षे कप्तानपद दुसऱ्याकडे. 1913 साली मु. दा. पै यांची निवड झाली तेव्हा सत्कारसभेत त्यांनी स्वतःच सांगितले की, हा मान माझे मित्र बाळू यांना मिळावयास हवा होता, ते माझ्याहून ज्येष्ठ व अनुभवी आहेत. असे बोलणारे विरळा. तथापि पद पैंकडेच राहिले.

बाळूंच्या उत्तरायुष्यातील राजकारणाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना 13,245 व बाळूंना 11,225 मते पडली. ज्या तरुणाने त्यांचा अभिमान बाळगला त्याच्याशीच त्यांना झुंजावयास लावणे, यात बाळूंचा दोष किती आणि त्यांना पुढे करणाऱ्यांचा किती, हे आमच्या वाचकांनी घरी अवश्य वादावे. 1955 साली ते निवर्तले.

आम्हांस मोलाची वाटते ती कप्तानपदाची गोष्ट, आणि ती बाळूंपाशी संपली नाही. चार भावांपैकी विठ्ठल हे फलंदाज म्हणून नावारूपास आले होते. 1920 च्या चौरंगी सामन्यांत पै आजारी पडले. बाळूंना संघातून वगळले होते, आणि विठ्ठल यांस डावलून प्रो. दि. ब. देवधर यांना कप्तान नेमले. देवधर हे संस्कृतचे प्राध्यापक, आमच्याच विद्येचे, आणि खेळाडू म्हणून फार थोर. प्रश्न त्यांच्या लायकीचा नव्हताच. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून संघातून अंग काढून घेतले. जात आड येते हे त्यांनी स्पष्ट लिहिले. मानपत्रांना आभार मानणारे पालवणकर लोकांनी पाहिले होते. मान नसेल तर खेळणार नाही असे म्हणणारे पालवणकर प्रथमच पाहिले. शहरात चर्चेचा गदारोळ उठला. नंतर पै बरे होऊन परतले, दोघे भाऊ परतले आणि बाळू उपकप्तान झाले. मग सामना चालू असता पै मैदानाबाहेर निघून गेले, आणि चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंनी हिंदू संघ चालविला. ज्याला एके काळी आतल्या चहास बोलावीत नसत, तो त्या दिवशी कोणी कोठे उभे राहावे हे ब्राह्मणांना सांगत होता, आणि ते तेथे जाऊन उभे राहत होते.

1923 साली विठ्ठल रीतसर कप्तान झाले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांस हरवून चौरंगी सामने जिंकले, आणि वरिष्ठ जातींच्या तरुणांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून मैदानातून नेले. विठ्ठल यांनी आपले 'माझे क्रीडा-जीवन' हे पुस्तक 1948 साली मराठीतच लिहिले; कोठे जुन्या वाचनालयात आढळल्यास घरी आणावे. तो विजय झाला तेव्हा बाळू सत्तेचाळीस वर्षांचे होते.